थांबलेले मशीन आणि अकरा गोधड्या



नाताळची भेट कोणाची असते? देणाऱ्याची की घेणाऱ्याची? प्रश्न सोपा वाटतो, आणि प्रवचनानंतर कोणी विचारला तर आपण सारे एका सुरात "घेणाऱ्याची" असेच सांगू. गेल्या आगमनकाळात मात्र एका बंद पडलेल्या शिलाई मशीनसमोर बसून आम्हांला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले, आणि आमचे उत्तर तेवढे सरळ निघाले नाही. म्हणून ही हकिगत येथे मांडत आहोत. तीत आमच्या कौतुकाचे फारसे काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

दिवाळी सरली की आपल्या नंदुरबार जिल्ह्यातले कितीतरी पाडे अर्धे रिकामे होतात, हे आपणांस ठाऊक आहेच. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांतली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत बारडोली-सुरतेकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब. तान्ही मुले आईच्या कडेवर जातात, शाळकरी मुले आजी-आजोबांपाशी मागे राहतात. सातपुड्यातली डिसेंबरची थंडी कशी असते ते तोरणमाळच्या बाजूला एखादी रात्र काढलेल्याला विचारावे. कुडाच्या भिंतीतून वारा येतो आणि शेकोटी पहाटेपर्यंत टिकत नाही.

आम्ही दहा-बाराजणींनी ठरवले की, दोन पाड्यांवरच्या अशा तीस मुलांना नाताळला प्रत्येकी एक गोधडी द्यायची, आणि तीही आपल्या हातची. घरोघरून जुन्या साड्या, लुगडी, धोतरे गोळा केली. एका वहीत तीस नावे लिहिली. नोव्हेंबरात दोघीजणी पाड्यांवर जाऊन आज्यांना तसा शब्दही देऊन आल्या. शब्द दिला, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

मशीन होते आमच्यापैकी एकीचे. काळे, सोनेरी नक्षी पुसट झालेले, पायाने चालवायचे. विजेचा भरवसा नसलेल्या भागात पायमशीनसारखा सोबती नाही. चर्चच्या बाजूच्या खोलीत ते मांडले. वरचे तुकडे जोडायचे, कडेची पट्टी लावायची आणि मधून चार आडव्या, चार उभ्या टिपा मारायच्या, एवढे काम मशीनवर. बाकीचे हाताने. (तरी आम्ही सर्वांना "हातच्या गोधड्या" म्हणूनच सांगत होतो. मशीनची टीप आमच्या हिशेबात हातातच जमा होती.) आमच्यातल्या काहीजणी दिवसभर मिरचीच्या पथारीवर देठ खुडून संध्याकाळी येत. नंदुरबारची लाल पथारी दुरून पाहायला फार सुंदर दिसते, पण तिथे काम करणाऱ्या बाईच्या बोटांची आग रात्रीपर्यंत जात नाही. ती बोटे कापडाला लागली की आम्हां सगळ्यांना शिंका येत. हसत-खोकत काम चालले होते. १४ डिसेंबरपर्यंत १९ गोधड्या तयार झाल्या.

त्या दिवशी दुपारी मशीनवर आमच्यातली सर्वांत लहान मुलगी बसली होती. तिने शिवणकामाचा वर्ग केलेला आहे आणि तिची टीप आमच्यापेक्षा सरळ येते. गोधडीचा कोपरा आला, जिथे पट्टी दुमडून खाली साड्यांचे सारे थर एकत्र येतात. तिने पाय दाबला, "कट्" असा आवाज झाला, सुई मोडली आणि चाक जागीच अडकले. मोडका तुकडा काढला, नवी सुई घातली, चाक फिरले. पण टाका काही धरेना. दोन टाके पडत, चार सुटत.

ज्यांना मशीनच्या पोटातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुई खाली जाऊन परत वर निघताना वरच्या दोऱ्याचा एक छोटा फासा तयार होतो. खाली शटलची चोच नेमकी त्याच क्षणी येऊन तो फासा पकडते आणि बॉबिनभोवती फिरवते. असे दोन दोरे एकमेकांत अडकले की टाका बसतो. चोच केसभर चुकली की फासा हाती लागत नाही. सुई खालीवर करत राहते, चाक फिरत राहते, आवाज नेहमीसारखाच येतो. फक्त कापड शिवले जात नाही.

आता कबुली देण्याची गोष्ट. कोणी त्या मुलीला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. एकजण एवढेच म्हणाली, "जरा हळू चालवायचे ना, बाई." दुसरी म्हणाली, "आता अकरा राहिल्या." बाकी आम्ही गप्प बसलो. पण गप्प बसण्याचेही प्रकार असतात. खोलीतली प्रत्येकजण मशीनकडे पाहत होती आणि तिच्याकडे कोणीच पाहत नव्हती. तिने कात्री जागेवर ठेवली, दोऱ्याची रिळे डब्यात भरली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. आम्हांला ते लक्षात आले होते का? आले होते. पण आम्ही अकरा गोधड्यांच्या काळजीत होतो आणि ती काळजी आम्हांला फार पवित्र वाटत होती.

त्या संध्याकाळी बैठक झाली. मंडळाच्या खर्चातून थोडे पैसे उरले होते. एकीने सुचवले, नंदुरबारच्या बाजारातून अकरा ब्लँकेटे आणावीत आणि मोकळे व्हावे. लगेच दुसरी म्हणाली, मग एवढे दिवस डोळे कशाला फोडले? सुरुवातीलाच तीस ब्लँकेटे आणली असती. तिसरीचे मत पडले की १९ आत्ता द्याव्यात, उरलेल्या मकरसंक्रांतीपर्यंत पुऱ्या कराव्यात. यावर आमच्यातल्या सर्वांत वयस्कर मावशी, ज्या तोवर सुपारी कातरत बसल्या होत्या, एवढेच बोलल्या, "त्या अकरा पोरांना सांगून ये, थंडी संक्रांतीला सुरू कर म्हणावं."

मावशींच्या बोलण्यावर हसलो खरे, पण रात्री विचार थांबेना. बाजारातल्या ब्लँकेटला आमचा विरोध नेमका कशासाठी होता? ऊब तर त्यातही आहे, कदाचित जास्तच. मूल अंगावर घेईल तेव्हा हे कोणी शिवले असे ते विचारणार नाही. मग "हातचे" या शब्दाचा आग्रह कोणासाठी?

येथे आम्हांला दोन संत आठवले. ६ डिसेंबरला ज्यांचा सण येतो ते संत निकोलस, चौथ्या शतकातले मायरा नगरीचे बिशप. त्यांच्याविषयीची आख्यायिका आपण मुलांना सांगतो. तीन मुलींच्या गरीब बापाच्या घरात त्यांनी रात्रीच्या अंधारात पैशाच्या थैल्या टाकल्या, कोणाला कळू नये म्हणून. त्यांनी स्वतः काही विणले नाही, शिवले नाही. मुलींना ज्याची गरज होती ते दिले आणि अंधारात निघून गेले. देणाऱ्याचा हात दिसूच नये, हीच त्या गोष्टीची खूण.

दुसरी तबीथा, जिला दुर्कसही म्हणतात. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात ती भेटते. यापो गावी ती मरण पावली तेव्हा पेत्राला बोलावले गेले, आणि तिथल्या विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. आम्ही हा प्रसंग कितीदा ऐकला असेल, पण शिवायला बसणाऱ्याच्या नजरेने तो प्रथमच पाहिला. त्या बायका तबीथेचे गुण सांगत नाहीत, कपडे दाखवतात. कोणता टाका कोणाचा हे त्यांना ठाऊक होते. तिथे देणाऱ्याचा हात झाकलेला नाही, तोच तर त्यांना आठवतो आहे.

मग खरे कोण? निकोलस की तबीथा? आम्हांला वाटते, फरक असा आहे की तबीथा त्या विधवांमध्ये राहत होती. त्यांची मापे तिला ठाऊक होती, त्याही तिला ओळखत होत्या. तिच्या हातच्या वस्त्राला अर्थ होता कारण तो हात त्यांच्या ओळखीचा होता. आम्ही मात्र त्या तीस मुलांना एकदाच पाहिले होते, तेही सगळ्यांना नाही. त्यांच्या लेखी आमचा हात आणि कारखान्याचा हात यांत काय फरक? हातच्या वस्तूचे मोल ओळखीतून येते. ओळख नसताना तो आग्रह धरला तर ती आपली हौस झाली. हौस वाईट नाही. पण हौसेपायी अकरा मुलांनी थंडीत झोपावे, हे कुठल्या हिशेबात बसवायचे?

मशीनचाच विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ साली एका संभाषणात शिलाई मशीनला अपवाद केला होता. सिंगरने पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी ते यंत्र बनवले, असे ते म्हणाले. इतिहास थोडा वेगळा आहे. एलियस हाऊ यांना मशीनचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले, आयझॅक सिंगर यांचे १८५१ चे, आणि दोघांत त्यावरून मोठी कोर्टबाजी झाली. सिंगर यांचे कौटुंबिक जीवन तर पत्नीप्रेमाचा दाखला म्हणून सांगावे असे मुळीच नव्हते. तरी गांधीजींचा मुद्दा आम्हांला खोटा वाटत नाही. यंत्र बनवणारा कसा होता यापेक्षा ते चालवणारीची पाठ किती वाचली, हे पाहावे. त्या न्यायाने आमच्या काळ्या मशीनने पुष्कळ पाठी वाचवल्या होत्या, आणि आता त्याच्या खालच्या पोटातला बोटाएवढा भाग झिजला म्हणून आम्ही एका मुलीची मान खाली घालायला लावली होती.

१७ तारखेला मशीन दुरुस्त करणारे भाऊ आले. त्यांनी मशीन उलटे केले, दातांखालून कापसाच्या धुळीचा गोळाच बाहेर काढला, तेल शेवटचे कधी घातले ते विचारले. आम्ही एकमेकींकडे पाहिले. मग त्यांनी शटल हातात घेऊन उजेडात धरले. चोचीचे टोक उडाले होते. "सुई आपटली इथे," ते म्हणाले. "कितीची होती?" मोडकी सुई डब्यात जपून ठेवली होती. त्यांनी ती बोटांत फिरवली. "ही चौदा नंबर. ब्लाउज शिवायची सुई. एवढ्या थरांत ही वाकणारच. वाकली की चोचीवर आपटणार. तुम्हांला अठरा नंबर पाहिजे होती, ताई. पोरीने हळू चालवले असते तरी आज नाहीतर उद्या मोडलीच असती."

सुई त्या मुलीने निवडली नव्हती. पाकीट आम्ही आणले होते, सुई आम्हीच बसवून दिली होती.

नवे शटल मागवावे लागणार होते. चार-पाच दिवस लागतील असे सांगून भाऊ गेले. त्यांनी येण्याजाण्याचे पैसे घेतले नाहीत. गोधड्या कोणासाठी आहेत ते त्यांना कळले होते.

संध्याकाळी आम्ही तिघीजणी त्या मुलीच्या घरी गेलो. वाटेत काय बोलायचे याची तयारी करत होतो आणि आमच्या तयारीत पहिले वाक्य वारंवार "काही मनावर घेऊ नकोस" असेच येत होते. वाचकहो, हे वाक्य किती चलाख आहे पाहा. चूक आमची, आणि मनावर न घेण्याचे काम तिचे! शेवटी दारात पोचल्यावर एकीने सरळच सांगितले, "सुई चुकीची होती. ती आम्ही दिली होती. चूक आमची, आणि तुला बोल लागला."

ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "मला ठाऊक होतं. सुई बारीक आहे हे पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही बसवून दिली होती. तुम्हांला कसं सांगणार?"

या उत्तरावर आम्हांला काही बोलता आले नाही. अजूनही त्याचा विचार पुरा झालेला नाही. आपण मुलांना शिकवतो की मोठ्यांचा मान राखावा, उलट बोलू नये. शिकवण चांगलीच आहे. पण ज्या खोलीत सर्वांत चांगले शिवणारी मुलगी "ताई, ही सुई चालणार नाही" असे म्हणू शकत नाही, त्या खोलीत आम्ही मानाच्या नावाखाली काय जमा केले होते? तिचा आदर आम्हांला हवा होता, तिचे ज्ञान नको होते. आणि पुढे जेव्हा सुई मोडली, तेव्हा तिने तोंड उघडून खरे सांगावे एवढीही जागा आम्ही तिला ठेवली नव्हती. ती तीन दिवस तो बोल घेऊन घरी बसली, कारण खरे सांगणे म्हणजे मोठ्यांवर आळ घेणे ठरले असते.

क्षमा मागितली म्हणून ती लगेच मागोमाग आली असे झाले नाही. तिच्या आईने चहा दिला, इकडचे तिकडचे बोलणे झाले. दुसरा दिवसही तिच्यावाचूनच गेला. क्षमा मागणाऱ्याला वाटते की आपण शब्द टाकला, आता समोरच्याने तो उचलावा. पण उचलण्याचा दिवस समोरच्याचा असतो.

इकडे मावशींच्या मार्गदर्शनाखाली हाताने काम सुरू झाले होते. मशीन नव्हते तेव्हा गोधड्या कशा होत, हे त्यांना विचारायचे आमच्यापैकी कोणाला आधी सुचले नव्हते! त्यांनी थर अंगणात पसरले, कडा दगडांनी दाबल्या, आधी मोठे कच्चे टाके घातले आणि मग चौघीजणींना चार बाजूंना बसवून कडेकडून मधोमध धावदोरा घालायला लावला. लहान मुलाच्या मापाची एक गोधडी पुरी व्हायला आम्हांला दीड दिवस लागला. मशीनवर ती अर्ध्या दिवसाची होती. १९ तारखेला सकाळी ती मुलगी आली, कोणाशी न बोलता चौथ्या बाजूला बसली आणि सुई ओवली. मावशींनी तिचा धावदोरा पाहून फक्त "हं" म्हटले. मावशींचा "हं" सहजासहजी मिळत नाही.

२२ तारखेपर्यंत हाताच्या पाच झाल्या. त्यापुढे बोटे चालेनात. उरलेल्या पैशांतून सहा ब्लँकेटे आणली, कोणी वाद घातला नाही. २३ तारखेला नवे शटल बसले, मशीन झुळझुळ चालू लागले, आणि शिवायला काही उरले नव्हते. एकीने त्यावर गव्हाणीखाली अंथरायच्या कापडाची कड दुमडून घेतली, उगाच चालवून पाहायला म्हणून.

आता प्रश्न राहिला वाटपाचा. २४ गोधड्या आणि ६ ब्लँकेटे. ब्लँकेटे कोणाला द्यायची? ज्यांना ती मिळतील त्यांना आपल्याला हातचे मिळाले नाही असे वाटेल, या चिंतेने आम्ही तासभर चर्चा केली. शेवटी सगळा ढीग मुलांपुढे ठेवायचा, सर्वांत लहान मुलाने आधी उचलायचे, असे ठरले. २४ तारखेला सकाळी जीप करून आम्ही पाड्यांवर गेलो. पहिला मुलगा पाच-सहा वर्षांचा असेल. तो ढिगाकडे धावला, गोधड्या बाजूला सारल्या आणि वाघाचे चित्र असलेले ब्लँकेट ओढून पळाला. पाहता पाहता सहाही ब्लँकेटे संपली. सातव्या मुलीच्या वाट्याला आमच्या हातची, पंधरा रंगांच्या तुकड्यांची गोधडी आली, आणि तिने भोकाड पसरले. तिला मोर हवा होता.

आम्ही एकमेकींकडे पाहिले. सगळ्यांत आधी हसू फुटले ते त्या मुलीला, आमच्या शिवणाऱ्या मुलीला. मग आम्हांलाही आवरेना. हसता हसता एकीच्या डोळ्यांत पाणी आले, ते हसण्याचेच होते की आणखी कशाचे, ते तिने सांगितले नाही. तासभराच्या चर्चेत ही शक्यता कोणाच्याही मनात आली नव्हती.

थोड्या वेळाने एक आजी पुढे आल्या. नातवाची गोधडी त्यांनी उलटी केली, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून दाबून पाहिली आणि विचारले, "आत किती लुगडी?"

"चार," आम्ही सांगितले.

"पाच पाहिजेत," त्या म्हणाल्या, आणि गोधडी घडी करून काखेत मारली.

परतताना जीपमध्ये पुढच्या वर्षाचे बोलणे निघाले. पाच थर घालायचे तर कोपऱ्यावर मशीन पुन्हा अडेल, अशी एकीने शंका काढली. त्या मुलीने खिडकीबाहेर पाहतच सांगितले, "अडणार नाही. कोपरे हाताने करू. आणि सुया या वेळी मी आणते."

"आण बाई," मावशी म्हणाल्या. "आणि तेलाची बाटलीही."